दापोलीच्या कुणबीवाड्यांत देव स्वतः घरी येतो, पण दार उघडायला कोण असतं?

फाल्गुन महिना लागला की मुंबई-ठाण्यातल्या ऑफिसांत आणि कारखान्यांत रजेचे अर्ज पडायला लागतात. कारण एकच असतं, 'गावाला शिमगा आहे.' साहेबाला कळत नाही, होळीची सुट्टी एका दिवसाची, मग ह्याला आठ दिवस कशाला हवेत?

आठ दिवस का हवेत, ते दापोलीच्या वाड्यांमध्ये गेल्यावर कळतं.

दापोली म्हटल्यावर पर्यटकांना मुरुड-कर्द्याचा किनारा, हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव आणि सुवर्णदुर्ग आठवतो. पण मुख्य रस्ता सोडून आत वळलं की डोंगरउतारावर दहा-वीस, कधी चाळीस घरांच्या वाड्या लागतात. यातल्या कितीतरी वाड्या कुणबी समाजाच्या आहेत. गेली काही वर्षं 'कुणबी' हा शब्द बातम्यांत येतो तो दाखल्यांमुळे. पण कोकणातला, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातला तिल्लोरी कुणबी ही एक वेगळी गोष्ट आहे. त्याची शेती वेगळी, सण वेगळे आणि मुंबईशी असलेलं नातंही वेगळं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. इथे खाली थोडी भाताची खाचरं आणि वर सगळा जांभा आणि उतार. त्या उतारावरच्या वरकस जमिनीत कुणब्यानं नाचणी आणि वरी पिकवली. उन्हाळ्यात झाडांची कवळं तोडायची, पालापाचोळा आणि शेण पसरून भाजावळ करायची, त्याच राखेच्या जागेवर रोप करायचं आणि आषाढात गुडघाभर चिखलात लावणी. दापोलीत १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं आणि पुढे नाचणीच्या 'दापोली' नावाच्या सुधारित जातीही आल्या. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे पीक या उतारांवर माणसं जगवत होतं.

आता अडचण अशी होती, की जमीन कसणारा कुणबी आणि जमिनीवर हक्क खोताचा. सरकारचा सारा वसूल करणारा तो खोत. कुळानं पिकातला मोठा वाटा त्याच्या घरी नेऊन घालायचा आणि वर वेठबिगारही करायची. ही पद्धत बंद करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. खोती कायद्यानं संपली ती मात्र १९४९ च्या कायद्यानं. तोवर दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या आणि त्या पिढ्यांनी आपली वाट शोधली होती. ती वाट मुंबईच्या गिरण्यांकडे जात होती.

रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणगावात गेलेला माणूस बायको-मुलं गावी ठेवून जायचा. लालबाग-परळमध्ये एकेका गावाच्या नावाची खोली असायची. त्या खोलीत वीस-तीस जण पाळीपाळीनं झोपायचे. त्याच खोलीतून गावाच्या देवळासाठी वर्गणी निघायची आणि शिमग्याला कोण कधी जाणार ते ठरायचं. म्हणजे कुणब्यांचं गाव तेव्हापासून दोन ठिकाणी वसलेलं आहे. अर्धं दापोलीत, अर्धं मुंबईत. इथल्या परंपरा जुन्या, शुद्ध आणि शहरापासून दूर राहिल्या असं कोणी सांगितलं तर फार विश्वास ठेवू नका. शहरातून येणाऱ्या पैशावर आणि रजेवरच त्या शंभर वर्षं चालल्या आहेत.

आता शिमगा.

देशावर होळी एका रात्रीत संपते. इथे फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला ती सुरू होते. रोज रात्री छोटी होळी, बोंबा आणि फाका. पौर्णिमेला मोठा होम. त्यासाठी आंबा, सावर किंवा सुरमाडाचं अख्खं झाड तोडून गावानं खांद्यावरून नाचवत आणायचं. जिल्ह्यातल्या काही गावांची पालखी त्रयोदशीला देवळाबाहेर पडते, त्यांना तेरसे शिमगे म्हणतात. काहींची पौर्णिमेच्या सुमारास पडते, ते भद्रेचे शिमगे.

पालखी सजवणं याला इथे 'रूपं लावणं' म्हणतात. एरवी पेटीत बंद असलेले देवांचे चांदीचे मुखवटे, म्हणजेच रूपं, पालखीत बसवली जातात. पालखी सहाणेवर येते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा ठरलेला ओटा. मग ढोल-ताशे सुरू होतात आणि खांदेकरी पालखी अशी काही नाचवतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा.

पण शिमग्याचा खरा गाभा त्यानंतर येतो. वर्षभर माणसं देवळात जातात, शिमग्यात देव माणसांच्या घरी येतो. पालखी वाडीवाडीतून, एकेका घराच्या अंगणात जाते. अंगण आधी शेणानं सारवलेलं असतं, दाराला तोरण असतं. घरातली बाई ओटी भरते, गुरव किंवा मानकरी गाऱ्हाणं घालतो. मुलाला नोकरी लागू दे, सुनेची कूस उजवू दे, जमिनीचा वाद मिटू दे. वर्षभराचं सगळं दुखणं देवासमोर अंगणातच बोललं जातं. पालखी ज्याच्या घरी आली तो गावाचा, असा याचा साधा हिशोब आहे. म्हणून मुंबईचा चाकरमानी नोकरीवर पाणी सोडेल, पण पालखीच्या दिवशी दार बंद ठेवणार नाही.

पालखीसोबत खेळे येतात. यालाच नमन म्हणतात, कारण सुरुवात देवांना नमन करून होते. मृदंग आणि झांजा, मग गण, मग गवळण. गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी. मावशी म्हणजे मिशा काढून लुगडं नेसलेला गावातलाच कोणीतरी, दुसऱ्या दिवशी तो बैल सोडताना दिसला की पोरं हसतात. काळ्या कपड्यातला आणि उंच टोपीचा संकासुर धावत आला की लहान मुलं आईच्या मागे लपतात. पुढे वगनाट्य, आणि त्यात राजा-प्रधानाच्या तोंडून सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची खेचलेली असते.

गणपतीत हीच माणसं जाखडी नाचतात. मुंबईकरांनी तिला 'बाल्या नाच' म्हटलं, कारण कोकणातल्या कुणबी गड्यांच्या कानात बाळी असायची. मुंबईत घरकामाला राहिलेल्या गड्याला 'बाल्या' म्हणून हाक मारली जायची, तेव्हा या नावात कौतुकापेक्षा हेटाळणी जास्त होती. शाहीर मध्ये बसतो, बाकीचे पायात चाळ बांधून भोवती गोल नाचतात. शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन बाऱ्या समोरासमोर आल्या की पुराणातले प्रश्न विचारून एकमेकांना अडवतात आणि हा सामना पहाटेपर्यंत चालतो. पुढे हे सगळं मुंबईच्या रंगमंचावर गेलं, परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुऱ्याचे तिकीट लावून प्रयोग झाले.

बायकांचा मान गौरीत. नवी सून सुपं घेऊन गौरीला ओवसते, पहिला ओवसा असेल तर माहेरही त्यात गुंतलेलं असतं. आणि हो, अनेक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्य असतो. शिमग्याच्या खेळ्यांत बाईचं काम पुरुष करायचे. अलीकडे पूर्ण महिलांची नमन मंडळं उभी राहिली आहेत आणि त्यांना गर्दीही होते.

हे सगळं वाचून गाव फारच गोड वाटेल, तर थोडं थांबा. पालखी आधी कोणाच्या दारात, खांदा पहिला कोणाचा, नारळ कोणी द्यायचा, हे मान ठरलेले असतात आणि त्यावरून भावकी फुटते. वाद पोलीस ठाण्यापर्यंत गेला की पालखी बंदोबस्तात निघते. गावकीचं न ऐकणाऱ्याला वाळीत टाकायचं आणि त्याच्या दारात पालखी न्यायची नाही, हीसुद्धा कोकणातली जुनी शिक्षा. सामाजिक बहिष्काराविरोधात महाराष्ट्रानं २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार करायला मात्र हिंमत लागते, कारण तक्रार करणाऱ्याला त्याच वाडीत राहायचं असतं.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न माणसांचा आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देश वाढत असताना हा जिल्हा घटला. हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हा आकडा ऐकून स्त्री-पुरुष समानतेचं कौतुक करू नये, त्याचा अर्थ पुरुष मुंबईत आहेत एवढाच आहे. त्यात १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गावाच्या खोल्या मोडल्या. पुढची पिढी बायको-मुलांसह नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेली. आधी बाप मुंबईत आणि घर गावी होतं. आता घरच तिकडे गेलं.

याचा हिशोब पालखीला बरोबर कळतो. खांद्याला माणसं कमी पडतात, म्हणून काही ठिकाणी चाकरमान्यांना जमेल अशा दिवशी एकेका वाडीची पाळी लावतात. पण पौर्णिमा शनिवार-रविवार बघून येत नाही. दापोलीला रेल्वे नाही, खेडला उतरून पुढे एसटी किंवा वडाप. मुंबई-गोवा महामार्गाचं काम तर वर्षानुवर्षं चालूच आहे. २०२१ च्या शिमग्यात कोरोनामुळे पालखी घरोघरी न्यायला निर्बंध आले, तेव्हा पहिल्यांदाच कितीतरी अंगणं सारवूनही रिकामी राहिली.

कुलूपबंद घरासमोर पालखी आली तर काय करायचं, यावर वाड्यांनी आपापले मार्ग काढलेत. कुठे चुलत भाऊ किल्ली घेऊन येतो, अंगण झाडतो आणि भावाच्या नावानं नारळ ठेवतो. कुठे शेजारची म्हातारी दोन ओट्या भरते, एक स्वतःची, एक त्यांची. गाऱ्हाणं घालताना मानकरी त्या घरच्यांची नावं घेतो आणि बाजूला कोणीतरी मोबाईल उंच धरून उभा असतो. पलीकडे दिव्याच्या एका खोलीत अख्खं कुटुंब हात जोडून स्क्रीनसमोर बसलेलं असतं, आणि नेमकं पालखी नाचायला लागली की रेंज जाते.