दोन कलेक्टर आणि एक चांदीचं नाणं

कळव्याहून कल्याण लोकल पकडता ना? मग माहीत आहे का, या कल्याणचं नाव पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात बंदर म्हणून आलंय? स्लो-फास्टची कटकट नाही, डायरेक्ट जहाज!

बंदर म्हटलं की पैसा आला. आणि जुना पैसा म्हटलं की आपले आजचे हीरो आले: पंडित भगवानलाल इंद्रजी!

जन्म 1839, जुनागढचा. पण करिअर मुंबईत. इथे त्यांना गुरू भेटले डॉ. भाऊ दाजी लाड. हो, राणीबागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच! दिवसा पेशंटची नाडी, उरलेल्या वेळात नाणी. स्वतः शिलालेख वाचायचेच, शिवाय भगवानलालांना ठसे घ्यायला देशभर पिटाळायचे.

शिष्यही खणखणीत निघाला. माहीत आहे का, पंडितजींचं इंग्रजी बेताचंच होतं? लेख गुजरातीत लिहायचे, मग ब्यूलरसारखे जर्मन पंडित त्यांचं इंग्रजी करायचे. तरी हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांनी हा पॅरा स्किप करावा.

आता मेन पिक्चर! साल 1882, स्थळ सोपारा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. गावकरी एका टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणायचे. पंडितजींनी खणायला घेतलं, तर कोट कसला, बौद्ध स्तूप! आत दगडी पेटी. पेटीत बुद्धांच्या आठ लहान मूर्ती, मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असेल? हिरे? छे, मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सगळ्या ऐवजात हेच सर्वांत मोलाचं, असं आपलं मत.

पण नाणेवाल्याची नजर गेली ती चांदीच्या एका नाण्यावर. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं! म्हणजे स्तूपाच्या काळाचा धागा हाती लागला. त्याच वर्षी तिथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना मिळाला. एकावर एक फ्री!

पंडितजींचा लाडका विषय पश्चिम क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांची, नाणी. का? त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर राजाचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे शक वर्षही. चांदीचं आधार कार्डच म्हणा ना! या नाण्यांवरचा त्यांचा लेख मात्र 1890 मध्ये छापून आला, पंडितजी 1888 मध्येच गेले होते. त्यांच्या संग्रहातला मथुरेचा प्रसिद्ध सिंहशीर्ष दगड, जो शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत बसवलेला सापडला होता, तो त्यांनी मृत्युपत्रात ब्रिटिश म्युझियमला दिला. (मुंबईला दिला असता तर? असो.)

क्षत्रपांची फजिती ऐकायचीय? 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला 13,250 नाणी सापडली. क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप ठोकलेला. नाणी वितळवायचा खर्चच नाही!

आता तुमच्या कामाचं. परसात खणताना हंडा लागलाच, तर 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. मर्यादा माहीत आहे का? फक्त दहा रुपये! त्याहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर कॉइन कलेक्टरला फोन नंतर करा, आधी जिल्ह्याच्या कलेक्टरला कळवा. कळवेकरांनी तर नक्कीच!