सिलिंडरमधला गॅस डुचमळतो, पाइपातला का नाही?

सुट्टीत भारतात आजीकडे गेलात की मोठ्यांना स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर जरा हलवायला सांगा. आत काहीतरी डुचमळतं. तो द्रवरूप एलपीजी, म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. ग्वेल्फमध्ये पुष्कळ घरं नैसर्गिक वायूवर गरम होतात. तो मुख्यतः मिथेन, आणि पाइपातून वायू म्हणूनच येतो. मग त्याचा द्रव करून सिलिंडरमध्ये का भरत नाहीत?

१८६९ साली टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की एका ठरावीक तापमानाच्या वर वायूवर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. हे त्या वायूचं क्रांतिक तापमान. प्रत्येक वायूचं ते वेगळं असतं: प्रोपेनचं ३७० केल्विन, मिथेनचं १९१ केल्विन.

आता सूत्र बघा:

रिड्यूस्ड तापमान = वायूचं तापमान ÷ त्याचं क्रांतिक तापमान

समजा, जानेवारीत ग्वेल्फमध्ये बाहेर उणे २० अंश सेल्सिअस आहे. आधी त्यात २७३ मिळवा: २५३ केल्विन.

प्रोपेन: २५३ ÷ ३७० = ०.६८
मिथेन: २५३ ÷ १९१ = १.३२

उत्तर १ पेक्षा कमी आलं, तर नुसत्या दाबाने द्रव होऊ शकतो. जास्त आलं, तर नाही. म्हणजे ग्वेल्फच्या कडाक्याच्या थंडीतही मिथेन 'गरमच' आहे! त्याचा द्रव करायचा तर आधी खूप थंड करावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला जहाजातून येणारा द्रव नैसर्गिक वायू सुमारे उणे १६२ अंशांवर असतो. तिथे उत्तर येतं १११ ÷ १९१ = ०.५८.

इथे एक चूक हमखास होते. सेल्सिअसमध्येच भागाकार केला तर उत्तर उणेही येऊ शकतं, आणि त्याला काही अर्थ नसतो. म्हणून आधी केल्विन, मग भागाकार.

करून बघा: कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३०४ केल्विन आहे. तुमच्या घरातल्या २१ अंशांवर आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांवर त्याचं रिड्यूस्ड तापमान काढा. या वायूचा भरलेला सिलिंडर उन्हात का ठेवू नये, ते दोन वाक्यांत लिहा.