तंबोऱ्याच्या तारा घेताय? आधी तुमची पट्टी सांगा

कोल्हापूरकरांनो, अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात अजून कितीतरी घरांत तंबोरा आहे, पण तारा घेताना बहुतेक जण नुसतं 'एक सेट द्या' म्हणतात. तसं करू नका. आधी पट्टी सांगा. काळी एकच्या आसपास गाणाऱ्याचा मोठा तंबोरा आणि काळी चारच्या आसपासचा लहान तंबोरा, दोघांच्या तारा सारख्या नसतात. मोठ्याला जाड तार लागते, लहानाला बारीक. तारेचा नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक, हेही लक्षात ठेवा.

मधल्या जोडीच्या दोन्ही तारा पोलादी. खर्जाची मात्र पितळी, कारण पितळ पोलादापेक्षा जड असतं आणि खाली छान गुंजतं. ती जास्त ताणली की तुटलीच म्हणून समजा! जोडीतली एक तुटली तर दोन्ही बदला. जुनी-नवी एकत्र बोलत नाहीत.

आता खरी मजा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत राहा, अगदी केसभर. एका जागी बोदा आवाज एकदम खुलतो आणि तार झंकारायला लागते. तीच जवारी. तरीही आवाज बंदच राहिला, तर घोडी झिजलेली असते. मग तंबोरा उचला आणि सरळ मिरज गाठा. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. जवारी काढावी ती तिथल्याच कारागिरांनी.

पावसाळ्यात पोलादी तारा गंजतात, रियाज झाला की कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.