सिंगापूर म्हणजे एक झाडीपट्टी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात बसून जगाचा फुटबॉल मोजायचा तर माप घरचंच घ्यावं. विदर्भाचे ११ जिल्हे मिळून २०११च्या जनगणनेत २ कोटी ३० लाख माणसं. १९९४ साली रुमानियाची लोकसंख्या जवळपास एवढीच होती. त्या वर्षीच्या विश्वचषकात या देशानं अर्जेंटिनाला ३-२ असं हरवून घरी पाठवलं.

तेव्हाचा प्रशिक्षक आंगेल योर्दानेस्कू, एके काळी स्टेआउआ बुखारेस्टचा हुकमी स्ट्रायकर. १९८६च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध हा सहायक प्रशिक्षक बदली खेळाडू म्हणून स्वतःच मैदानात उतरला, वयाच्या ३६व्या वर्षी! कप जिंकलाही. पुढं १९८९पर्यंत स्टेआउआ लीगमध्ये सलग १०४ सामने हरला नाही, त्यातला बहुतेक काळ त्याच्याच हाताखाली. हंगामाचे ३४ सामने, म्हणजे तीन सबंध हंगाम आणि वर थोडं. नुसता खेळाचा वेळ जोडला तरी १५६ तास भरतात. सोमवारी सकाळी सहाला शिट्टी वाजली, तर रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पराभव नाही. क्लब लष्कराचा, डोक्यावर हुकूमशहा चाउशेस्कूच्या मुलाचा हात. हवं तर निम्मे सामने संशयापोटी वजा करा. ५२ उरतात. तेही फार थोड्यांना जमले.

आपल्याकडे त्यातल्या त्यात योर्दानेस्कूसारखा, खेळाडूचा प्रशिक्षक झालेला माणूस म्हणजे मुंबईचा खालिद जमील. हा मात्र मधल्या फळीतला. २०१६-१७ची आय-लीग त्यानं मिझोरामच्या ऐझॉल क्लबला जिंकून दिली: ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. आदल्याच हंगामात ऐझॉलवर खालच्या लीगमध्ये घसरायची पाळी आली होती. अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या ११ लाख, एकट्या चंद्रपूर जिल्ह्याची २२.

ऑगस्ट २०२५मध्ये १७० अर्जांतून खालिद भारताचा प्रशिक्षक झाला. पहिल्याच स्पर्धेत क्रमवारीत ७९व्या असलेल्या ओमानला पेनल्टींवर हरवून १३३वा भारत तिसरा आला. मग १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरनं २-१ असं हरवलं आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे झाडीपट्टीचे चार जिल्हे मिळून ५८ लाख. सिंगापूर साधारण तेवढंच. भारत १४६ कोटी.

त्या सामन्यात भारताचा एकमेव गोल लालियनझुआला छांगटेचा. तो मिझोरामचा.