घराला न येणारी भाषा आणि वर्गाचे वार्तापत्र

मूल शाळेत ज्या भाषेतून शिकते ती भाषा त्याच्या घरी कोणालाच येत नसेल, तर शाळेत काय चालले आहे हे घराने कसे जाणावे? आपल्याकडील पुष्कळ शिक्षकांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. मेळघाटात कोरकू बोलणारी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी, नंदुरबारकडे पावरी बोलणारी मुले मराठी वर्गात येऊन बसतात. जेथे सेमी-इंग्रजी वर्ग सुरू झाले आहेत, तेथे गणित व विज्ञान या विषयांपुरती मराठी घरांचीही तीच स्थिती होते. अमेरिकेतील काही प्राथमिक शाळांनी हा प्रश्न जाणूनबुजून ओढवून घेतला आहे. तेथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुले चिनी भाषेतून शिकतात. घराशी संबंध टिकविण्यासाठी या शाळांतील शिक्षक वर्गाचे वार्तापत्र पाठवितात. त्या वार्तापत्रातून आपल्या शाळांनी काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार येथे केला आहे.

भाषानिमज्जनाची शाळा

या शिक्षणपद्धतीस इंग्रजीत ‘इमर्शन’ असे नाव आहे. मराठीत तिला भाषानिमज्जन म्हणता येईल. भाषा हा निराळा विषय म्हणून शिकविण्याऐवजी गणित, परिसर, शास्त्र हे विषयच त्या भाषेतून शिकवावयाचे, हे या पद्धतीचे सूत्र होय. कॅनडात माँट्रियलजवळील सेंट लँबर्ट या गावी १९६५ साली, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून, फ्रेंच भाषेचा असा बालवर्ग उघडण्यात आला. मॅकगिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी या मुलांची प्रगती अनेक वर्षे तपासली. आरंभी ही मुले इंग्रजी वाचनात मागे दिसली. परंतु इंग्रजीचे पाठ सुरू होताच ती बरोबरीस आली. फ्रेंच समजण्यात त्यांनी उत्तम गती मिळविली. बोलण्यालिहिण्यात मात्र ती फ्रेंच मुलांच्या थोडी मागे राहिली.

चिनी भाषेची अशी शाळा अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथे १९८१ साली स्थापन झाली. पुढे यूटा राज्याने २००८ साली कायदा करून सरकारी प्राथमिक शाळांत असे वर्ग उघडण्याची तरतूद केली. तेथे अर्धा दिवस चिनी व अर्धा दिवस इंग्रजी अशी वाटणी असून दोन भाषांसाठी दोन शिक्षक असतात. खालच्या इयत्तांत गणित चिनी भाषेतूनच शिकवितात.

वार्तापत्रात काय असते

अशा वर्गातील बहुतेक पालकांना चिनी भाषेचा एक शब्दही येत नाही. मूल घरी येऊन एखादे गाणे म्हणते. ते बरोबर की चूक हे आईवडिलांस कळत नाही. गृहपाठाच्या कागदावरील चिन्हे त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून शिक्षक दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास घरच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, एक लहानसे पत्र पाठवितो. चांगल्या पत्रात सामान्यतः चार गोष्टी आढळतात. पहिली, वर्गात कोणता विषय चालला आहे. दुसरी, मुलाला घरी काय विचारावे. तिसरी, घरून काय पाठवावे आणि कोणता सण किंवा कार्यक्रम जवळ आला आहे. चौथी, या टप्प्यावर मुलाकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये.

पहिल्या गोष्टीचे एक उदाहरण पाहू. चिनी भाषेत अकरास ‘दहा-एक’, बारास ‘दहा-दोन’, वीसास ‘दोन-दहा’ आणि एकवीसास ‘दोन-दहा-एक’ म्हणतात. म्हणजे संख्येच्या नावातच दशक व एकक स्पष्ट होतात. मूल घरी बोटे मोजताना अशा रीतीने बोलू लागले, तर पालकांस ते चमत्कारिक वाटते. पत्रात दोन ओळींचा खुलासा असला की तेच बोलणे त्यांना प्रगतीची खूण वाटते.

मराठी शिक्षकास हे उदाहरण सहज पटेल. आपल्या ‘एकोणीस’, ‘एकोणसाठ’ या नावांत एक उणे करण्याची क्रिया लपलेली आहे, आणि लहान मुले तेथे अडखळतात. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन देण्यात आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या पद्धतीचे गुणदोष काहीही असोत. असा बदल पालकांस वादातून कळण्यापेक्षा मुलाच्या शिक्षकाच्या चार ओळींतून कळणे केव्हाही बरे.

पालकाने शिकवू नये, ऐकावे

चांगल्या वार्तापत्रातील दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ते पालकास शिकविण्यास सांगत नाही, ऐकण्यास सांगते. याचे कारण भाषेतच आहे. चिनी भाषेत ‘मा’ हा एकच उच्चार निरनिराळ्या सुरांत केला असता आई, घोडा किंवा रागे भरणे असे वेगळे अर्थ होतात. उच्चार दाखविण्यासाठी चीनने १९५८ साली ‘पिनयिन’ नावाची रोमन अक्षरांची पद्धत स्वीकारली. परंतु तीत ‘क्यू’ या अक्षराचा उच्चार छसारखा व ‘एक्स’चा शसारखा होतो. पालक ती अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचून मुलास पाठ देऊ लागला, तर शिक्षकाने बसविलेला उच्चार घरी बिघडतो. उलट “आज शिकलेले गाणे मला म्हणून दाखव, आणि त्याचा अर्थ सांग,” एवढे म्हटले की मूल स्वतःच शिक्षक बनते. त्याची उजळणी होते, त्याला मान मिळतो, आणि घराला न येणारी भाषा घरात परकी राहत नाही.

तिसरी गोष्ट सणांची. चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्रदर्शनाचा उत्सव असतो व त्या दिवशी ‘चंद्रपोळी’ म्हणता येईल असे भरीव गोड पक्वान्न वाटतात. २०२५ साली हा दिवस आपल्या कोजागरीच्याच दिवशी, ६ ऑक्टोबर रोजी, आला होता. असा सण कळविला म्हणजे भाषेमागील माणसेही घराच्या ओळखीची होतात.

अडचण आधीच सांगावी

चौथी गोष्ट धैर्याची आहे. मराठी मूल बाराखडी शिकले की न पाहिलेला शब्दही वाचू शकते. चिनी लिपीत तसे नाही. तेथे प्रत्येक चिन्ह ओळखून लक्षात ठेवावे लागते. झाडाचे चिन्ह दोनदा काढले की राई, तीनदा काढले की अरण्य, अशा काही सुंदर युक्त्या आहेत. पण त्या सर्व चिन्हांना लागू पडत नाहीत. चीनमधील अभ्यासक्रमात पहिल्या दोन इयत्तांत सुमारे १,६०० चिन्हे ओळखणे व त्यांपैकी सुमारे ८०० लिहिणे अपेक्षित असते, आणि तेथे तर चिनी भाषा मुलांच्या भोवती सर्वत्र असते. अमेरिकेतील मुलाची गती यापेक्षा बरीच मंद असणार. वर्ष संपले तरी मूल वाचत नाही, हे पाहून पालक घाबरतो व त्याला वर्गातून काढू पाहतो. ही मंदता स्वाभाविक आहे, हे शिक्षकाने वर्षारंभीच कळविले असेल तर पालक धीर धरतो. मागाहून केलेला तोच खुलासा सबबीसारखा वाटतो. म्हणून केवळ समारंभ व बक्षिसे यांच्या बातम्या देणारे वार्तापत्र अपुरे समजावे.

निमज्जन आणि बुडणे

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. सेंट लँबर्ट किंवा यूटा येथील मुलांच्या घरची इंग्रजी ही समाजात प्रतिष्ठा असलेली भाषा आहे. ती कोठेही हरवत नाही. पालकांनी हा वर्ग स्वतः निवडलेला असतो. वर्गातील बहुतेक मुले नवशिकी असतात, आणि मुलाने घरच्या भाषेत काही सांगितले तर ते जाणणारे शाळेत कोणीतरी असते. ज्या सान फ्रान्सिस्को शहरात पुढे चिनी निमज्जनाची शाळा निघाली, त्याच शहरातील इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांची कथा मात्र वेगळी आहे. त्यांना कोणतीही भाषिक मदत न देता इंग्रजी वर्गात बसविणे म्हणजे शिक्षणाची खरी संधी नाकारणे होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात दिला. वरून पाहता दोन्ही वर्गांत मुले परक्या भाषेतच शिकत होती. परंतु एक पोहण्यास शिकणे होते, दुसरे बुडणे होते.

कोरकू किंवा गोंडी मुलास मराठी वर्गात नुसते बसविणे याला भाषानिमज्जन म्हणता येत नाही. शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ याचे कलम २९ सांगते. वार्तापत्र त्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु शिक्षक मुलाची भाषा शिकत असताना, तिचा वर्गात उपयोग करीत असताना, वार्तापत्र त्याला मोठे साहाय्य करू शकते. त्याच कायद्याच्या कलम २४ अन्वये मुलाची उपस्थिती व प्रगती पालकांस नियमित बैठकांतून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. दोन बैठकांमधील रिकामा काळ वार्तापत्राने भरून निघतो.

आपल्या शाळेत कसे करावे

यासाठी छापखान्याची गरज नाही. पहिलीच्या वर्गाचे पत्र एवढेही पुरे :

“या आठवड्यात आम्ही पाणी मोजले. मुलाला विचारा, आपल्या घागरीत किती तांबे पाणी मावते? उत्तर त्याने घरच्या भाषेत दिले तरी चालेल. पुढील आठवड्यात बिया मोजणार आहोत. घरातील कोणत्याही दहा बिया पाठवा आणि त्यांचे तुमच्या भाषेतील नाव मुलाला सांगून ठेवा. काही मुले अजून मराठीत कमी बोलतात. ती ऐकून शिकत आहेत, काळजी नसावी.”

जेथे घरी वाचणारा कोणी नाही तेथे लिहिलेले पत्र कोऱ्या कागदाप्रमाणेच होय. तेथे पत्रातील एक प्रश्न मुलाकडून पाठ करवून घ्यावा, म्हणजे मूलच वार्तापत्र बनते. गावातील भाषा जाणणाऱ्या अंगणवाडीताईंकडून तोच मजकूर बोलून घेऊन भ्रमणध्वनीवर पाठविता येतो. आठवडी बाजारात भेट झाली तर तेथेही सांगता येतो.

पत्र लिहिताना तीन पथ्ये पाळावीत. कोणत्याही एका मुलाची उणीव किंवा गुण सर्वांच्या पत्रात येऊ नयेत. ती गोष्ट त्याच्याच पालकास एकांतात सांगावी. ज्या वस्तूस पैसे पडतात ती घरून मागू नये. आणि मागविलेली वस्तू आल्यावर तिचा वर्गात खरोखर उपयोग करावा. घरून आलेल्या बियांची कोरकू नावे दुसऱ्या दिवशी फळ्यावर मराठी नावांशेजारी दिसली, तर पुढील पत्राची घर वाट पाहील. त्या बिया कपाटात पडून राहिल्या, तर पुढील पत्र कोणी ऐकणार नाही.