अक्षरांच्या पेरणीआधी मशागत हवी

पहिला पाऊस पडला म्हणून कुणी लगेच पाभर जुंपत नाही. रान कुळवलेलं असावं लागतं, वाफसा यावा लागतो. घाई केली तर दुबार पेरणीची पाळी येते, हे तुम्हाला सांगायला नको. मुलांच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. चौथं वर्ष लागलं की हातात पाटी देतो आणि ‘गिरव’ म्हणतो. पोर कंटाळलं की त्याच्या डोक्याला दोष देतो. पहिलीत मागे पडलेलं असं मूल पुढे शाळेलाच कंटाळण्याचा धोका असतो.

वाचन म्हणजे अक्षरातला आवाज ओळखायचा आणि शब्दाचा अर्थ लावायचा. ज्याच्या कानावर शब्दच कमी पडले, त्याने अक्षरे जोडली तरी अर्थ हाती लागत नाही. म्हणून तीन ते सहा या वयात आधी कान, तोंड, डोळे आणि हात तयार करावेत. त्यासाठी आईबापांना लिहिता-वाचता यायलाच हवं असं नाही.

१) भरपूर बोला : शेतावर जाताना पीक, पाखरू, अवजार यांची नावे सांगा. मुलाने ‘का?’ विचारलं तर गप्प बसवू नका. मोबाईल गोष्ट सांगतो, पण मुलाचं ऐकून घेत नाही. आजीची गोष्ट त्याहून कितीतरी मोलाची. ती मुलाला परत सांगायला लावा. घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू जे बोलत असाल त्यातच बोला. त्या बोलीला हसू नका.

२) आवाजांचे खेळ : ‘भा-क-री’ला तीन टाळ्या, ‘पा-णी’ला दोन. मका, मटकी, मडकं यांचा पहिला आवाज कोणता, ते विचारा. कोडी घाला, गाणी म्हणा.

३) बोटांना काम : शेंगा सोलणे, मातीचे बैल करणे, रांगोळीचे ठिपके जोडणे. यातून बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद येते. धान्य निवडायला दिलं तर जवळ बसा, दाणा नाका-कानात जाऊ शकतो. औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हाती मुळीच देऊ नका.

४) छापील अक्षरांची ओळख : एसटीची पाटी, दुकानाचा फलक दाखवा. पेपर वाचताना ओळीखालून डावीकडून उजवीकडे बोट फिरवा. पाठ करून घेऊ नका.

मुलाचा कान वाहत असेल किंवा हाक ऐकू येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. नीट ऐकू आलं नाही तर आवाज कसे ओळखणार?

हा विचार आपल्या मातीतलाच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी अंगणवाडीकडे फक्त खाऊ वाटण्याची जागा म्हणून पाहू नये. महिला व बालकल्याणाच्या निधीतून चित्रांची पुस्तके, रंगीत खडू, खेळणी घेता येतील का, हा विषय मासिक सभेत घ्यावा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला अंगणवाडीत बोलवावं. पालकांनीही सेविकाताईंना ‘अक्षरं कधी शिकवणार?’ एवढंच न विचारता ‘आज कोणती गोष्ट सांगितली?’ असंही विचारावं.

मूल पहिलीत बसेल तेव्हा शिक्षक पेरणी करतीलच. तोवर वाफसा आणण्याचं काम घरचं आणि गावचं. आज रात्री जेवणं झाली की सुरुवात करा.