झिजलेले ब्रेक आणि वनप्रदेशातील वाहतूक

गडचिरोली जिल्ह्याच्या आलापल्ली, एटापल्ली व भामरागड या भागांत वस्त्यांमधील अंतरे लांब आहेत, दुरुस्तीची सोय विरळ आहे आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक याच रस्त्यांनी जातात. अशा ठिकाणी अर्ध्या वाटेत ब्रेक क्षीण झाल्यास चालकाने काय करावे, हे ब्रेकचे कार्य समजल्यावाचून सांगता येणार नाही.

ब्रेक वाहनाच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतात. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीचे मंदन दर सेकंदास सेकंदी ७ मीटर मानल्यास ती सुमारे २० मीटरांत थांबते. लायनर झिजून मंदन निम्म्यावर आल्यास ४० मीटर लागतात. प्रतिक्रियेच्या एका सेकंदात आणखी १७ मीटर निघून जातात. परंतु त्याच दुर्बल ब्रेकांनिशी वेग ताशी ३० ठेवला, तर प्रतिक्रियेसह एकूण अंतर सुमारे १८ मीटरच होते. म्हणजे ब्रेकची उणीव वेग कमी करूनच भरून काढता येते.

दोषाचे स्वरूपही ओळखले पाहिजे. धातूवर धातू घासल्याचा आवाज लायनर संपल्याचे सुचवितो. पायदांडी खोल जाणे हे बहुधा तेलगळतीचे किंवा नळीत हवा शिरल्याचे लक्षण होय. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषते; त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि तापल्यावर निर्माण झालेली वाफ दाबली जात असल्याने चाकापर्यंत बळ पोचत नाही. पावसाळ्यात नाला ओलांडल्यावर ओल्या ब्रेकांचे घर्षण घटते. तेव्हा मंद गतीने ब्रेक हलके लावून ते वाळवावेत.

ब्रेक अकस्मात निकामी झाल्यास पायदांडी वारंवार दाबावी, एकेक करून खालच्या गिअरमध्ये यावे आणि हातब्रेक हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके अडकून वाहन घसरते. इंजिन मात्र बंद करू नये, कारण त्यामुळे सुकाणू जड होते.

तथापि हे उपाय वाहन सुरक्षित थांबविण्यापुरतेच आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार सदोष वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे व चालवू देणे हा अपराध आहे. दोष माहीत नव्हता, एवढे म्हणून भागत नाही, साधारण काळजीने तो कळण्याजोगा असला तरी पुरे. सबब परीक्षेची खरी जागा जंगलातील वाट नव्हे, प्रवासापूर्वीचा वाहनतळ होय.